इन्कॉग्निटो मोडमध्ये काय शोधलं ते ऑफिसला कळतं का?

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर कळू शकतं, असंच धरून चाला. इन्कॉग्निटो फक्त ब्राउझरची आठवण पुसतो: सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या की हिस्टरी आणि कुकी जातात. डाउनलोड केलेली फाइल आणि बुकमार्क मात्र तिथेच राहतात, हे हमखास विसरलं जातं.

वायफाय चालवणाऱ्याचं गणित वेगळं. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या जोडणीवर, असेल तर त्याला साइटचं नाव दिसतं. कुठलं पान उघडलं, काय टाइप केलं हे नाही. नाव फुटतं डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) आणि जोडणी सुरू होतानाच्या पहिल्या संदेशातून. त्यामुळे नुसता एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) डीएनएस लावला तरी दुसरी वाट बहुधा उघडीच राहते.

खरी मेख पुढे आहे. कंपनीने लॅपटॉपमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुणाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा हे लॅपटॉपला सांगणारा मूळ दाखला) बसवलं असेल, तर मधला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसलेला कंपनीचा सर्व्हर, सगळा मजकूर उलगडून वाचू शकतो. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते पाहा. तिथे कंपनीचं किंवा फायरवॉलचं (नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेचं) नाव असेल तर समजून जा. स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर मात्र या तपासणीत सापडत नाही.

आजार, कर्ज, नवी नोकरी असलं काही शोधायचं तर स्वतःचा फोन घ्या, ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर.