‘पोत’ म्हणजे खरबरीतपणा नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘अमूर्त चित्रांविषयी लिहिताना टेक्स्चरला मराठीत पोत म्हणावं की खरबरीतपणा? एखादं चित्र अगदी सपाट असेल तर “या चित्रात पोत नाही” हे वाक्य चालेल का? आणि तो पोत की ती पोत?’

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ते वाक्य हल्ली माहितीपत्रकांत, भाषणांत, मुलाखतींत सारखं कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. नाही चालणार. ज्याला पृष्ठभाग आहे त्याला पोत असतोच. रेशमाला पोत आहे, घोंगडीला आहे, मलमलीलाही आहे. रेशीम हाताला मऊ लागतं म्हणून ‘या रेशमाला पोत नाही’ असं कुठल्याही कापडवाल्यानं कधी म्हटलेलं नाही. तो अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कापड चोळून पोत बघतो आणि सांगतो: दाट, विरळ, झिरझिरीत, घट्ट, तलम. खरखरीत हे त्यातलं एक विशेषण. चित्रकलेत शिरताना हा शब्द एवढ्या एका विशेषणापुरता उरला. कॅनव्हासवर सुरीनं रंगाचे ढीग लावले, वाळू मिसळली, की ‘पोत आला’. याला रंगाचा जाड लेप म्हणा, उंचवटे म्हणा, खरबरीतपणा म्हणा. पोत त्याहून फार मोठी गोष्ट आहे.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचं सत्तरच्या दशकातलं एखादं उभं चित्र आठवून पाहा. लांबून एकाच रंगाचा विस्तार दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की तो एक रंग नाहीच. पातळ थरांवर थर आहेत आणि खालचा वरच्यातून झिरपत वर येतोय. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. फाडलेल्या कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलत, कागदावरचा रंग कॅनव्हासवर उतरवत. रंग लावणं जितकं, तितकंच काढून घेणंही. या चित्रांत बोट अडकेल असा उंचवटा शोधत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. तरीही गेल्या शतकातल्या आपल्या चित्रकारांत पोताचा एवढा विचार केलेला दुसरा चित्रकार मला दिसत नाही. त्यांच्या कामाला ‘पोत नाही’ म्हणणाऱ्याला चित्र दिसलेलं नाही आणि शब्दही कळलेला नाही. (त्यांना स्वतःला ‘अमूर्त’ हे विशेषणही मान्य नव्हतं. आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत, असं ते म्हणत. तो फरकही लिहिणाऱ्यांनी पाळायला हवा, पण ती चर्चा वेगळी.)

आता व्युत्पत्ती. खरं तर याच्यासाठीच उत्तर लिहायला बसले.

संस्कृतात ‘पोत’ म्हणजे होडी आणि ‘पोत’ म्हणजे प्राण्याचं पिल्लू. दोन्हींचा इथे संबंध नाही. ‘पोतदार’चाही नाही, तो फारसी फोतेदार, खजिन्याकडचा माणूस. आपला पोत माझ्या मते ‘प्रोत’पासून आला. ‘वे’ म्हणजे विणणे. त्याच धातूपासून ‘तंतुवाय’ म्हणजे विणकर, आणि त्याचंच भूतकाळवाचक रूप ‘उत’. आ + उत = ओत, प्र + उत = प्रोत. एक धागा उभा, दुसरा आडवा. ‘आनंदानं ओतप्रोत भरलेला’ असं आपण सहज लिहितो आणि मनात भांड्यातून काहीतरी ओतल्याचं चित्र आणतो. तिथे ओतण्याचा काही संबंध नाही, तिथे माग आहे.

बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना हाच शब्द वापरून कोंडीत पकडते. हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? वायूत. वायू कशात? उत्तर आलं की पुढचा प्रश्न तयार. ती विश्वाचा पोत विचारते आहे: कुठला धागा कुठल्या धाग्यात गुंतलाय? गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर नेमका हाच प्रश्न पडतो. हा पिवळा कशात आहे? त्या करड्यात. आणि तो करडा?

पोत प्रोतापासून आला हे सगळ्यांना पटत नाही. बरेच जाणकार तो प्राकृत ‘पोत्त’ म्हणजे वस्त्र या शब्दाकडे नेतात. त्यांचा आक्षेप ठरलेला: प्रोतमधला स्वरांमधला ‘त’ प्राकृतात टिकला नसता, ‘पोअ’ झाला असता, मराठीत ‘त’ उरायचा तर मागे ‘त्त’ हवा. नियम मला मान्य आहे. पण नियम सांगून झाला की हे लोक अर्थाकडे पाठ फिरवतात, आणि माझं भांडण तिथे आहे. वस्त्राला पोत असतो, वस्त्र म्हणजे पोत नव्हे. ‘धोतर’ हा शब्द उद्या धोतराच्या विणीसाठी वापरू लागलो तर चालेल का? शिवाय संस्कृत कोशांत ‘प्रोत’ याचाच ‘विणलेलं वस्त्र’ असा अर्थही नोंदलेला आहे. म्हणजे पोत्त आणि प्रोत यांना एकमेकांपासून इतकं तोडायची गरज मुळातच नाही. आणि लोकांनी संस्कृतातून पुन्हा उचलून थोडे घासलेले शब्द प्राकृताच्या नियमांना जुमानत नाहीत. ‘व्रत’चं ‘वरत’ होतं, ‘त’ जागेवर राहतो.

माझा खरा साक्षीदार वेगळाच आहे आणि त्यातच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. कापडाचा तो पोत. पण गळ्यातली मण्यांची ती पोत: काळी पोत, मोत्यांची पोत. आता वस्त्रवाल्यांनी सांगावं, मण्यांच्या माळेत वस्त्र कुठे आहे? एक टीचभरसुद्धा नाही. आहे तो फक्त आरपार गेलेला दोरा. प्रोत म्हणजे विणलेलं, तसंच ओवलेलं आणि शिवलेलंही. गीतेच्या सातव्या अध्यायातली ओळ बघा: ‘मयि सर्वमिदं प्रोतं सूत्रे मणिगणा इव’. दोऱ्यात मणी, आणि क्रियापद प्रोत! एवढा स्वच्छ पुरावा समोर असताना स्त्रीलिंगी पोत वेगळी, पुल्लिंगी पोत वेगळा असे दोन परके शब्द मानून मोकळं होणं मला आळसाचं वाटतं. देवीच्या गोंधळातला जळता पोत तेवढा मी सोडून देते. तिथे तेलात भिजवलेला कापडाचा पीळ असतो, त्याला ‘पोत्त’ शोभतो. पोतं हा शब्दही त्याच घरातला असावा.

पोत्यावरून इटलीचा चित्रकार अल्बेर्तो बुर्री (१९१५–१९९५) आठवतो. पेशानं डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कैदेत, टेक्ससच्या छावणीत तो चित्रं काढू लागला आणि पुढे पन्नासच्या दशकात त्यानं फाटक्या गोणपाटाचे तुकडे एकमेकांना शिवून चित्रं केली. टाके दिसतात, भोकं दिसतात, ठिगळं दिसतात. तिथे पोत रंगानं केलेला नाही, सुईनं केलेला आहे. पोतं, पोत आणि प्रोत तिन्ही एका चौकटीत! त्याला मराठी येत असती तर किती आनंद झाला असता.

इंग्रजी शब्दही मागावरचाच. लॅटिन ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. टेक्स्ट, टेक्स्टाइल, टेक्स्चर ही सगळी त्याचीच पिल्लं. त्याच्या मुळाशी जो प्राचीन धातू आहे त्याचं संस्कृत रूप ‘तक्ष्’, म्हणजे तासून घडवणे, सुताराचं काम. तो शब्द सुताराकडून विणकराकडे आला. आपला सुरुवातीपासून धाग्यातच आहे. म्हणून टेक्स्चरसाठी ‘पृष्ठीय संरचना’ वगैरे घडवणाऱ्यांची मला कीव येते. हाताशी मागावरून उतरलेला शब्द असताना हा दगड कशाला?

शेतकऱ्यांनी हा शब्द चित्रकारांपेक्षा नीट सांभाळलाय. जमिनीचा पोत म्हणजे तिच्यात वाळू, गाळ आणि चिकणमाती कुठल्या प्रमाणात मिसळली आहे ते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ढेकळं पायाला टोचतात, तरी तिचा पोत बारीकच म्हणतात. वरचा खडबडीतपणा आणि आतली मिसळण यांतला भेद इतका स्पष्ट आहे. शेणखतानं ‘पोत सुधारतो’ या बोलण्याला मृदाशास्त्रज्ञ हरकत घेतात. खतानं घडण बदलते, कणांचं प्रमाण बदलत नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर आहेत, पण बोलीभाषेत पोत म्हणजे कसही होतो आणि त्या अर्थाला धक्का लावायचं कारण नाही. गाणाऱ्याच्या आवाजाचा पोत म्हणतो तेव्हाही आवाज खरबरीत आहे असं आपल्याला म्हणायचं नसतंच.

तेव्हा लिहिताना ‘पोत आहे’ आणि ‘पोत नाही’ ही दोन्ही वाक्यं टाका. पोत कसा आहे ते सांगा: दाट, विरळ, तलम, खरखरीत, झिरपता, तुटक. ‘चित्राला पोत दिला’ हेही टाळा. तो वरून देता येत नाही, रंग लावता-काढताना होत जातो. उंचवट्यांसाठी खरबरीतपणा हा शब्द खुशाल वापरा, चांगला शब्द आहे. आणि चित्राचा तो पोत, पुल्लिंगीच.