वाचकांचे प्रश्न : घरी चालणारी लायब्ररी वडोदऱ्याला का अडली?

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या सभासदयादीत एकच नाव दोनदा येऊ नये, म्हणून मी आडनावे जुळवणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) लिहिली आणि मुक्त-स्रोत परवान्याखाली एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, १.०.० या क्रमांकाने प्रसिद्ध केली. माझ्या संगणकावर सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. परंतु वडोदऱ्याच्या मावसभावाने ती इन्स्टॉल करताच ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा संदेश आला. शिवाय ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव दोन याद्यांत सारखेच दिसत असूनही जुळत नाही. दुरुस्ती करून पुन्हा १.०.० देता येईल का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तोच क्रमांक पुन्हा देता येणार नाही. एनपीएमवर एकदा वापरलेला क्रमांक, ती आवृत्ती काढून टाकली तरी, कायमचा खर्ची पडतो. त्यामुळे दुरुस्ती १.०.१ म्हणूनच द्यावी लागेल.

आपण चाचणी घेतली ती आपल्या फोल्डरची. मावसभावाला मिळाले ते एनपीएमने बांधलेले पुडके, आणि या दोहोंत फरक पडू शकतो. आपली बिल्ड झालेली, म्हणजे मूळ कोडपासून वापरासाठी तयार केलेली, फाइल ‘डिस्ट’ फोल्डरात असेल आणि ते फोल्डर गिट-इग्नोरमध्ये (गिटने कोणत्या फाइल वगळायच्या त्या यादीत) नोंदवलेले असेल, तर वेगळी सूचना नसल्यास एनपीएम तीच यादी प्रमाण मानून ‘डिस्ट’ वगळते. बहुधा येथेही हेच घडले असावे. पॅकेज-जेसन या पॅकेजच्या माहितीफाइलमधील ‘फाइल्स’ या नोंदीत ‘डिस्ट’ लिहावे, ‘एनपीएम पॅक’ चालवून तयार होणारे पुडके एखाद्या रिकाम्या फोल्डरात इन्स्टॉल करावे आणि तेथून लायब्ररी हाकेला ओ देते का, हे पाहावे. पाच मिनिटांचे हे काम प्रसिद्धीपूर्वीच करायचे असते.

‘कऱ्हाडकर’चा घोळ मला अधिक रंजक वाटतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, एकाच संकेतांकाने लिहिता येते, तसेच साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना फरक दिसत नाही, जावास्क्रिप्टला मात्र या दोन वेगळ्या स्ट्रिंग (अक्षरमालिका) वाटतात. तुलनेपूर्वी दोन्ही नावांवर ‘नॉर्मलाइझ’ हे जावास्क्रिप्टचे तयार फंक्शन चालवले की ती एकरूप होतात. चाचणीत मात्र ही रूपे टंकलिखित अक्षरांऐवजी संकेतांकांनीच लिहावीत, अन्यथा चिकटवताना दोन्ही एकच होऊन बसली तरी चाचणी हिरवीच (उत्तीर्णच) राहील, आणि ती कशाची परीक्षा घेत होती हे कोणालाच कळणार नाही.

ही दुरुस्ती असल्याने शेवटचा आकडा वाढवणे पुरेसे आहे. उद्या आपले जुळवणीचे फंक्शन ‘खरे-खोटे’ऐवजी गुण परत देऊ लागले, तर मात्र २.०.० द्यावे, कारण इन्स्टॉल करताना आवृत्तीच्या क्रमांकापुढे सहसा पडणाऱ्या ‘कॅरेट’ (^) चिन्हामुळे १ ने सुरू होणाऱ्या पुढील आवृत्त्या वापरणाऱ्यांकडे परस्पर पोहोचू शकतात.

जुनी आवृत्ती काढण्याच्या फंदात पडू नये. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेतले आणि असंख्य प्रकल्पांची बिल्ड कोसळली. त्यानंतर एनपीएमने काढण्यावर निर्बंध घातले. १.०.० वर ‘एनपीएम डेप्रिकेट’ (आवृत्ती न काढता ती वापरू नये असे सांगणारी आज्ञा) चालवून ‘डिस्ट फोल्डर राहिले आहे, १.०.१ घ्या’ एवढाच संदेश ठेवावा. ती इन्स्टॉल करणाऱ्याला तो तेथेच दिसेल.