उत्तर: जुन्या पुस्तिका पोर्टलवर चढवण्याआधी फॉन्ट बघा

अभ्यासकेंद्रातल्या जुन्या स्वयं-अध्ययन पुस्तिका, कॅसेटी आणि सीड्या नव्या पोर्टलवर न्यायच्या आहेत, एजन्सीने पुस्तिका स्कॅन करून पीडीएफ हातात ठेवल्या आणि आता विद्यार्थी म्हणतात मोबाईलवर वाचता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. स्कॅनर कोणता, बॅकअप कुठे, हे सोडून देतो; ते तुम्हाला माहीत असणारच.

ए-फोर पान २१० मिमी रुंद, फोनचा पडदा साधारण ६५ मिमी. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर पावणेचार पॉइंटचंही दिसत नाही. बोटांनी मोठं केलं तर दर ओळीला पान डावी-उजवीकडे ओढत बसायचं. पानाचा फोटो नको, मजकूर हवा. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपानाची फाइल) तो पडद्यात आपोआप बसतो, शोधता येतो, आणि अंध विद्यार्थ्याला फोनमधली टॉकबॅक ही सोय वाचून दाखवते.

म्हणून आधी डीटीपीवाल्याकडे मूळ पेजमेकर (छपाईची पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) किंवा वर्ड फाइली शोधा. आमच्या बाबतीत एका कार्यालयाने (नाव घेत नाही) 'फक्त पीडीएफच स्वीकारू' असा हेका धरला. बिल पानामागे निघतं, त्यामुळे किती पानं स्कॅन झाली एवढाच आकडा तिथल्या टेबलाला कळतो. असो.

खरी चूक मात्र आमचीच, आणि सगळ्यात महाग तीच पडली. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नव्हेत. फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी क, 'के'च्या जागी काना. आम्ही मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला आणि मग कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून, काढला. नोटपॅडमध्ये फॉन्टची माहिती पुसली जाते. मग परिच्छेदातला खरा इंग्रजी शब्द कुठला आणि मराठीचा मुखवटा उतरलेला कुठला, हे यंत्राला कळणार कसं? रसायनशास्त्राची सूत्रं, संगणकाच्या आज्ञा, सगळ्यांची देवनागरी खिचडी झाली. पहिली चार पानं शुद्ध मराठी होती, तपासली तेवढीच, आणि मूळ फाइलींवरच सेव्ह केलं!

तेव्हा क्रम असा ठेवा. पेजमेकरमधून आरटीएफ (फॉन्टची नावं जपणारी मजकुराची फाइल) काढा, फॉन्टची माहिती शाबूत असतानाच रूपांतर करा, आणि कुठल्या फॉन्टचा मजकूर बदलायचा ते कन्व्हर्टरला ठरवून द्या. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, म्हणून शीर्षकांचा फॉन्ट वेगळा तपासा.

नंतर तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. एक, ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये पूर्ण जोडाक्षरानंतर यावी लागते. कच्चा कन्व्हर्टर 'स्थिती'तली वेलांटी स् आणि थ यांच्या मध्ये खुपसतो. दोन, रफार. जुन्यात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. तीन, 'ऱ्य'. हिंदीसाठी बनवलेली साधनं त्याचं सरळ 'र्य' करून टाकतात. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना, एवढा तो फरक! धड्याच्या मधली पानं काढून तपासा, पहिली नव्हे.

मूळ फाइली नसतीलच तर टेसरॅक्ट या, चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी डेटा वापरा, स्कॅन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांत. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या हमखास चुकतात. प्रूफ वाचणाऱ्याला विषय येत असावा.

सीड्यांवरचे धडे फ्लॅशमध्ये (हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र) असतील तर ते ब्राउझरमध्ये चालणार नाहीत. अडोबीने फ्लॅश प्लेयर २०२० अखेर बंद केला. रफल नावाच्या एम्युलेटरमध्ये (फ्लॅश प्लेयरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांचे बरेच धडे उघडतात, नव्या तिसऱ्या आवृत्तीचे अडखळतात. तंत्र बंद पडून धडे अडकण्याचा हा प्रकार पहिला नव्हे. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 'कंट्रीवाइड क्लासरूम' कार्यक्रमाचे धडे इन्सॅट-१बी उपग्रहावरून दूरदर्शनवर येत, २००४ मध्ये खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या केयू बँड या लहरपट्ट्यावर मुसळधार पावसात चित्र गोठायचं, कारण थेंब तो सिग्नल शोषतात. उपग्रह संपला, छतांवरच्या डिश राहिल्या. धडे मात्र ज्यांनी टेपवर मूळ प्रत जपली त्यांच्याकडेच उरले.

ते टेपवरचे धडे मिळाले तर डीइंटरलेस केल्याशिवाय (जुन्या व्हिडिओतल्या एकाआड एक रेघांचं एक सलग चित्र केल्याशिवाय) चढवू नका, नाहीतर हलत्या हातावर कंगव्यासारख्या रेघा दिसतील. आणि बोलणारा चेहरा सोडून पडद्यावर काही नसेल तर व्हिडिओचा हट्ट कशाला? ३० मिनिटांचा ३६०पी (कमी स्पष्टतेचा) व्हिडिओ धडा साधारण १०० एमबी, तोच ३२ केबीपीएस मोनो आवाजात ७ एमबी. एसटीची वाट बघत ऐकणाऱ्याला आवाजच पुरतो. (गणित आणि प्रयोग याला अपवाद.)

लेखकांशी झालेले करार बहुतेकदा छापील आवृत्तीपुरते असतात. मी वकील नाही, पण चढवण्याआधी ते काढून वाचा.

पुस्तिका कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते कळवा. वर्डमध्ये परिच्छेद निवडला की नाव वरच्या पट्टीत दिसतं.