दुसरी बादली

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. दहा गुंठे स्ट्रॉबेरी यंदा बिनरासायनिक धरलीस, रोपं चांगली लागली, फुलंही आली, हे वाचून फार बरं वाटलं. फवारणीत काय काय वापरू असं विचारलंस. जीवामृत, दहा पाल्यांचा दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, ही तुझी यादी बरोबर आहे. पण त्या यादीत तोडणी नाही, आणि मी इतकी वर्षं जे बघत आले त्यावरून सांगते, आपल्या या महाबळेश्वरच्या डोंगरावर सेंद्रिय स्ट्रॉबेरीचं सगळ्यात मोठं औषध तोडणीच आहे.

करडी बुरशी फळावर दिसली की ती आज आली असं आपल्याला वाटतं. ती फुलातच शिरलेली असते. वाळलेल्या पाकळ्यांवर पोसते आणि फळ पिकेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, गप्प बसते. मग एखादा ढगाळ, दमट आठवडा येतो, फळ मऊ पडतं, त्यावर राखाडी लव चढते आणि तिथून उडालेली बुरशी शेजारच्या ताज्या फुलांवर जाऊन बसते. रासायनिक रानात अशा वेळी बुरशीनाशक मारतात. तुझ्याकडे ते नाही, म्हणून ते सडकं फळ रानाबाहेर काढणं हाच तुझा इलाज.

मी पहिल्या वर्षी हे ऐकलं नव्हतं. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. आम्ही बायका पनेट, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्या, भरायच्या घाईत खराब फळ खुडायचो आणि तिथंच सरीत टाकायचो. पंधरा दिवसांनी ज्या वाफ्यांत जास्त फळं टाकली होती, त्या वाफ्यांतच निम्मा माल गेला. त्या रात्री मी जेवले नाही. पुढच्या हंगामापासून रानात दोन बादल्या आल्या.

पहिल्या बाईनं फक्त चांगला माल तोडायचा. तिच्या मागून दुसरीनं बादली घेऊन यायचं आणि सडलेलं, पाखरांनी टोचलेलं, मातीला टेकलेलं, जास्त पिकून ओघळलेलं असं सगळं उचलायचं. जुनी लाल पडलेली पानंही तिनंच काढायची. सडक्या फळाचा हात चांगल्या फळाला लागता कामा नये, म्हणून माणसं वेगळी. बादली रानापासून लांब खड्ड्यात रिकामी करून वर माती ओढायची. आणि ऐक, तोडणी किलोवर देऊ नकोस, रोजानं दे. किलोवर पैसे मिळणार असतील तर सडकं फळ कोण उचलेल? दुसऱ्या बादलीच्या बाईचा रोज पहिलीइतकाच ठेव. तुझं पीक तीच वाचवते.

तोडा एक दिवसाआड हवाच. लग्न असो, जत्रा असो, चुकवू नकोस. दव उतरल्यावर सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत आटपायचं. ओलं फळ डबीत गेलं की तिथंच बुरशी धरतं, तापलेलं फळ लवकर मऊ पडतं. फळाला धरून ओढायचं नाही. देठ अंगठ्याच्या नखानं खुडायचा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी देठ फळाला राहू द्यायचा. थेट पनेटमध्ये ठेवायचं, परत परत हाताळायचं नाही, धुवायचं तर मुळीच नाही. पुण्या-मुंबईला जाणारा माल पाऊण लाल चालतो, पण एक लक्षात ठेव: स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते, गोड होत नाही. गोडी झाडावर जेवढी भरली तेवढीच. रस्त्यावर थांबणाऱ्या पाहुण्यांसाठी पूर्ण पिकलेलंच तोड. पाहुणे स्वतः तोडायला आत आले, तर आधी देठ खुडायला शिकव.

जीवामृताबद्दल एकच सांगते. ते शेणाचं आहे आणि स्ट्रॉबेरी लोक न सोलता, न शिजवता खातात. म्हणून ते मुळाशी आळवणीनं दे, फळांवर उडवू नकोस. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली, रस्त्याची धूळ बसायला लागली की पानांच्या पाठी लाल कोळी ही बारीक कीड बघ. साधं भिंग खिशात ठेव. आणि हंगाम संपला की वाफ्यांवर अंथरलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर गोळा करून रानाबाहेर काढ, जाळू नकोस.

आता शेजाऱ्यांचं. स्ट्रॉबेरीच्या अंगावरचं प्रत्येक बी म्हणजे एक बारीक फळ. त्यातल्या बऱ्याच जणांना फुलात पराग मिळाला नाही तर फळ वेडंवाकडं होतं. पराग पोचवण्याचं मोठं काम मधमाश्या करतात. आपल्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, म्हणजे सातेरीच्या, आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळणारी माणसं तुला लांब शोधायला नकोत. बांधावर दोन पेट्या ठेव. पण शेजारच्या रानात सकाळी फवारा झाला तर तुझ्या माश्या तिथंच मरतील. म्हणून आत्ताच, भांडण व्हायच्या आधी, चहाला बोलाव त्यांना. फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्या एवढंच माग. संध्याकाळी माश्या परतल्या की पेटीचं दार लावता येतं. त्यांच्या बाजूला मक्याच्या चार ओळी लाव, वाऱ्यानं येणारा फवारा थोडा अडतो. ते रासायनिक करतात म्हणून त्यांना कमी लेखू नकोस. त्यांच्यावरही कर्ज आहे, घर आहे.

प्रमाणपत्राचंही विचारलं होतंस. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी द्यायची पद्धत. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि गटातलेच एकमेकांच्या रानात जाऊन तपासणी करतात. मला ही पद्धत आवडते, कारण तुझ्या रानात काय चाललंय हे गावाला आधीच ठाऊक असतं. रासायनिकाकडून सेंद्रियाकडे वळण्याच्या काळात पीजीएस-ग्रीन मिळतं, तो काळ पुरा झाल्यावर पीजीएस-ऑरगॅनिक. तोवर डबीवर सेंद्रिय असं लिहू नकोस, गिऱ्हाइकाला पहिलं वर्ष आहे असं सरळ सांग. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव आपल्या सगळ्यांचं आहे. एका घरानं खोटं लिहिलं तर सगळ्या डोंगराचा माल संशयानं बघतील.

रविवारी आमच्याकडे तिसरा तोडा आहे. सातच्या आत ये, नखं कापून ये, पण अंगठ्याचं थोडं राहू दे. पहिल्या दिवशी दुसरी बादली तुझ्याकडे.

तुझी,
काकी