मुंबईहून बिझनेस क्लासने परत जाताना

सुट्टी संपवून पहिल्यांदाच बिझनेस क्लासने परदेशी परत निघालात, छान वाटलं. आधी तारीख नीट बघा. १५ तारखेचं पहाटे दीडचं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच टी-२, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल २, गाठायचं. यात भलेभले चुकतात. महाग तिकिटाने चेक-इनची रांग वाचते, इमिग्रेशनची वाचेलच असं नाही. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल तर एफटीआय-टीटीपी या झटपट इमिग्रेशनच्या सरकारी योजनेत आधीच नोंदणी करून ठेवा, ई-गेटमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या फाटकातून, जाता येतं. आईने दिलेलं लोणचं केबिन बॅगेत नको, ते चेक-इन बॅगेत नीट बांधून घाला. सुकं खोबरं मात्र तिथेही चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. जेवण लाउंजमध्येच उरका, म्हणजे विमान उडाल्यावर सीट आडवी करून लगेच झोपता येईल.