गोव्याहून पुण्याला परतताना शेवटचा दिवस गरम पाण्याच्या कुंडावर काढावा का?

गोवा, तारकर्ली, देवगड असा लांबचा दौरा करून गाडीनेच पुण्याला परतायचं, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. तर शेवटचा अख्खा दिवस वज्रेश्वरीच्या कुंडांवर काढावा का, असं तुम्ही विचारलंय. कुंडावर जरूर जा. पण वज्रेश्वरी नको, आणि अख्खा दिवस तर अजिबात नको.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा सगळा तानसा नदीकाठचा पट्टा. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला होता, १७३९ मध्ये वसई घेतल्यावर देऊळ बांधलं गेलं, वगैरे सगळं खरं. ठाणे-वसईकरांना ते एका सकाळीचं काम आहे. तुम्ही मात्र पनवेल ओलांडून वर जाणार, आणि पुन्हा खाली येऊन बोरघाट चढणार. दौऱ्याच्या शेवटी, मळक्या कपड्यांच्या बॅगा आणि कंटाळलेलं पोर घेऊन, हा वळसा कशाला? राजापूरपासून पालघरपर्यंत कोकणात ठिकठिकाणी गरम झरे आहेत आणि त्यातले बरेचसे मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहेत.

देवगडकडून निघालात की पहिलं राजापूरजवळचं उन्हाळे. गोमुखातून धार पडते, त्याखाली मान घालून बसायचं. पाणी सोसवेल इतकंच गरम असतं, त्यामुळे वयस्कर माणसांना मला हेच सगळ्यात बरं वाटतं. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधूनच वाहणारे झरे, जवळच आहे. ती आली असेल तर गर्दी असणार हे धरून चला.

पुढे संगमेश्वर सोडलं की तुरळ, राजवाडी आणि आरवली. तुरळचं पाणी साठ अंशांच्या घरात. त्यात उतरायचं नसतं, हे दर वेळी कुणाला तरी ओरडून सांगावं लागतं. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. तिथे बादलीत गार पाणी मिसळून अंगावर घ्यायचं. माझं मत राजवाडीला. महामार्गावरून थोडं आत, शेजारी लाकडी खांबांचं जुनं सोमेश्वराचं देऊळ. सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर वाफ दिसते, गंधकाचा पुसटसा वास येतो, आणि पायऱ्यांच्या कडेला जिथे कोमट पाणी झिरपतं तिथे हिरवट बुळबुळीत थर असतो. सासूबाईंचा हात तिथेच धरा. गुडघ्यांसाठी जायचं आणि घसरून पडायचं, असं व्हायला नको.

खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी गरम, असं तिथे कुणीतरी हमखास सांगेल. तसं काही नाही. आपला काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच झपाट्याने वर येतं. त्याने त्वचारोग जातात, संधिवात कायमचा बरा होतो, हे दावे मी मनावर घेत नाही. शेक मिळतो, सांधे मोकळे होतात, रात्री झोप छान लागते. एवढ्यासाठी जायला हरकत नाही.

पण दहा-पंधरा मिनिटं पुरे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाण्यातून एकदम उठू नका, चक्कर येते. मधुमेह असेल तर पाय थेट सोडू नका, कारण पावलांची जाणीव कमी झालेली असली तर भाजलेलं कळतच नाही. दुसऱ्या कुणीतरी आधी हात घालून बघावं. मुलाला आत उतरवू नका, मगाने कोमट पाणी घाला. डोकं कुणीच बुडवू नये. गरम गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत गेला तर जीवघेणा ठरतो. प्रकार फार दुर्मीळ आहे, पण नाक वर ठेवायला काही खर्च येत नाही. चांदीचे पैंजण, अंगठ्या आधीच काढून ठेवा, काळ्या पडतात. बायकांना कपडे बदलायला धड आडोसा मिळेलच असं नाही, तेव्हा एक मोठा सुती गाऊन आणि जुनी चादर हाताशी असू द्या. साबण बॅगेतच राहू दे.

तर आखणी अशी करा. देवगडहून सकाळी निघून वाटेत उन्हाळे बघा आणि मुक्काम संगमेश्वर किंवा चिपळूणला टाका. संध्याकाळी लवकर पोचलात तर त्याच दिवशी राजवाडी उरकून घ्या. गरम पाणी, वर कुळथाची पिठी-भात आणि लगेच झोप, याला तोड नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जा, नऊपर्यंत आटपा आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, सातारा करत पुणे गाठा. जेवणखाण धरून संध्याकाळपर्यंत घरी.

मात्र सकाळी जाणार असाल तर ज्याच्या हातात स्टिअरिंग असेल त्याने पाण्यात बसायचं नाही. फक्त पाय धुवावेत. गरम पाण्यानंतर तासाभरात अंग सैल पडतं आणि डोळे जड होतात, आणि नेमका तेव्हाच घाट लागतो. आमच्याकडे यावर दर वेळी वाद होतो आणि दर वेळी चालवणारा हरतो. दोघे चालवणारे असाल तर एकाने आदल्या संध्याकाळी आंघोळ उरकावी, दुसऱ्याने सकाळी, आणि घाट पहिल्याने चढवावा.

जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर उत्तम. मे महिन्यात असाल तर हा बेत सोडा, कोकणातल्या त्या उकाड्यात गरम पाण्यात बसण्यात काही मजा नाही. पावसाळ्यात नदीकाठची कुंडं गढूळ होतात, तेव्हा आधी गावात विचारून मगच गाडी आत घाला.

आणि ऐन वेळी कुंभार्ली बंद असला, तर महामार्गाने सरळ वर येऊन वाकण फाट्याला पालीकडे वळा. बल्लाळेश्वराचं दर्शन होईल, तिथून जवळच उन्हेरेची कुंडं आहेत, आणि पुढे खोपोलीवरून एक्सप्रेसवे. फक्त नकाशात ‘पाली’ टाकताना सुधागड तालुक्यातलीच निवडा. रत्नागिरीजवळ महामार्गावर दुसरी पाली आहे, ती तुम्ही तोवर कधीच मागे टाकलेली असेल.