मागच्या बाकावर कोण बसणार?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा भाजी निवडताना, एकदा वही घेऊन. वहीत इंग्रजी शिकवण्याच्या पाच कोर्सची नावं उतरली, त्यांच्या फिया, कुठल्यावर किती सवलत, एजंट काय म्हणाला, रूममेट काय म्हणाली, आणि शेवटी तुझं ते रडवेलं "मावशी, करू तरी कुठला?" पण तिकडे ओमानमध्ये, सोहारला चौथीच्या वर्गात तुझं काय चाललंय, याबद्दल त्या अकरा मिनिटांत एक वाक्य नाही. पोरं बोलतात का, तू शिकवतेस ते त्यांच्या डोक्यात उतरतं का, काही नाही. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मध्येच "हो मावशी, पण" म्हणतेस.

पाचही कोर्सना मी एकच प्रश्न विचारते: तुझा पाठ बघायला मागच्या बाकावर कोण बसणार?

पहिले तीन तिथेच बाद. ते १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट ना, नव्वद टक्के सवलतीचं? सेल्टा, म्हणजे केंब्रिजचा इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा कोर्स, तोही १२० तासांचाच असतो, आकडा तोच. पण सेल्टात सहा तास तू खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभी राहून शिकवतेस आणि प्रत्येक वेळी ट्यूटर मागे बसून लिहीत असतो. वर अनुभवी शिक्षकांचे सहा तास तू बघतेस आणि चार निबंध लिहितेस. तुझ्या स्वस्त कोर्समध्ये व्हिडिओ आहेत आणि चार पर्यायांतून एक निवडायचाय. त्यात मागे कोण बसणार? कोणी नाही. संपलं.

आता म्हणशील, बी.एड.ला बसले होते की. सराव पाठांचं कौतुक मला सांगू नकोस, मीही १९८९ साली तेच करून आलेय. टाचण वहीत रात्री जागून उद्दिष्टं लिहायची, सकाळी पाठ घ्यायचा, निरीक्षक दहा मिनिटं बसून चहाला जायचे आणि वहीत लाल पेनाने शेरा: "ठीक. फलक लेखन सुधारावे." माझं अक्षर सुधारलं, हे मान्य. तुझ्या काळात कोणी खरोखर पूर्ण तास बसलं असेल तर तू नशीबवान.

बी.एड.ला मी नावं ठेवत नाही. शाळेतली नोकरी तुला त्याच कागदावर मिळाली. नुसता सेल्टा घेऊन गेली असतीस तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. भाषा शिकवणाऱ्या खासगी संस्थांचं उलट आहे, तिथे सेल्टाला मान. आणि ओमानच्या कॉलेजांत फाउंडेशनच्या, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्गातल्या पोरांना शिकवायचं तर एम.ए. विचारतात. तीन दारं, तीन किल्ल्या. एजंट एकच किल्ली तिन्ही दारांना लागते म्हणून विकतो, त्याचा तो धंदाच आहे.

एम.ए.चं एक सांगते. माझं एम.ए. पत्रद्वारा झालेलं. नोकरी सांभाळून, पहाटे चारला उठून, तीन वर्षांत. मुलाखतीला एका कॉलेजात गेले तर समोरच्या माणसाने फाइल उघडली, "डिस्टन्स?" म्हणाला आणि बंद केली. शिकवता येतं का, हे त्याने विचारलंच नाही. तेव्हा फॉर्म भरण्याआधी, तुला जिथे नोकरी हवी तिथे दूरशिक्षणाची पदवी चालते का, ते लेखी विचार. एजंटला नको, त्यांच्या कार्यालयाला. आणि पुढच्या सुट्टीत आलीस की सगळ्या मूळ कागदांचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात ते खरे धरावेत म्हणून लागणारा सरकारी शिक्का, उरकून ठेव. ऐन वेळी त्यात दोन महिने जातात.

आता माझं ऐक. २००१ साली ओमानमध्ये निझव्याला गेले तेव्हा बारा वर्षं शिकवून झाली होती. आपल्याला शिकवता येतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. २००९च्या उन्हाळ्यात बँकॉकला सेल्टाचा चार आठवड्यांचा कोर्स केला. दोन पगार त्यात गेले. वय बेचाळीस, वर्गात सगळे पंचविशीतले. ट्यूटर एक साठीची आयरिश बाई. तिसऱ्या पाठाला माझ्याकडे "यूज्ड टू" होतं, म्हणजे पूर्वी असायचं, आता नाही ते. फळ्यावर काळाची रेघ काढली, उदाहरणं दिली, वाक्यं म्हणून घेतली. वर्ग छान हसतखेळत चालला. मी खूश.

तास संपल्यावर बाईंनी कागद पुढे केला. मधोमध रेघ मारून दोन रकाने. डावीकडे मी काय केलं, मिनिटागणिक. उजवीकडे विद्यार्थ्यांनी काय केलं. डावा रकाना खचाखच भरलेला. उजव्यात बराचसा भाग कोरा, मधूनमधून "मान हलवली". चाळीस मिनिटांच्या पाठात एकोणतीस मिनिटं मी बोलत होते. "डू यू अंडरस्टँड?" अकरा वेळा. बाई काही बोलल्या नाहीत. जाणाऱ्या एका पोराला थांबवून म्हणाल्या, "माय फादर यूज्ड टू स्मोक. डझ ही स्मोक नाऊ?"

तो अगदी उत्साहाने म्हणाला, "येस!"

वीस वर्षं मी "समजलं का?" विचारत होते आणि पोरं "हो बाई" म्हणत होती. साताऱ्यात मराठीतून, निझव्यात इंग्रजीतून. त्या रात्री खोलीवर बसून आजवरच्या तुकड्या मोजल्या. मग मोजणं सोडून दिलं.

माझ्याकडे तोवर नऊ सर्टिफिकेटं होती. नऊ! एकातही कोणी मागे बसलं नव्हतं. सेल्टात मला नुसता पास मिळाला, ए नाही, बी नाही. ते सर्टिफिकेट कुठल्या ट्रंकेत आहे, आठवत नाही. दोन रकान्यांचा तो कागद मात्र हे लिहिताना समोर आहे.

त्या उन्हाळ्यात मी गावी आले नाही, हे तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल, तिच्या पद्धतीने. आण्णा आजारी होते. वाईला सगळे म्हणाले, कोर्सपायी बापाला सोडलं. सोडलं नव्हतं. भाऊ होता, वहिनी होती, डॉक्टर दोन महिने काही होत नाही म्हणाले होते, भरलेली फी परत मिळणार नव्हती. दिवाळीत आले तेव्हा ते मला ओळखत होते, बोललेही. डिसेंबरात गेले. तू कोर्स विचारलास आणि मी हे काय सांगत बसलेय. पण परदेशात राहून शिकायचं म्हणजे सुट्टी कोणाची तरी चोरावी लागते. ती कोणाची, हे ठरवून चोर. मी ठरवलं नव्हतं.

म्हणून तुला सांगते, सुट्टी चोरू नकोस आणि नोकरीही सोडू नकोस. राजीनामा देऊन पुण्यात बसून शिकते, हा तुझा विचार मला अजिबात पटलेला नाही. २०२०पासून सेल्टा पूर्ण ऑनलाइन होतो, पाठसुद्धा ऑनलाइन वर्गावर, ट्यूटर तिथेही बघत असतो. नोकरी करता करता काही महिन्यांत विभागून करता येतो. वेळापत्रक मात्र आधी बघ. तुझी सुट्टी शुक्रवार-शनिवार, काही कोर्सचे तास शनिवार-रविवारी, आणि रविवारी तुझी शाळा भरते. सेल्टा मोठ्यांना शिकवण्यासाठी आहे, तुझी चौथी त्यात नाही, हेही धरून चाल. पण संध्याकाळी शिकलेलं सकाळी करून बघायला वर्ग हातात असणं, याची किंमत नोकरी सोडल्यावरच कळते.

निझव्याची पोरं "पेपर"ला "बेबर" म्हणायची. अरबीत प नाही. मी वर्षभर "प, प" घोकून घेतलं. कोर्सवरून परत आल्यावर कागदाची पट्टी प्रत्येकाच्या ओठांसमोर धरली. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा प नीट आला की पट्टी फडफडते, ब आला की जेमतेम हलते. दोन दिवस नुसता फडफडाट! त्याच पोरांनी माझ्या व्ही आणि डब्ल्यूची टिंगल केली. दोन्हींना आपला एकच व. त्यांचा डब्ल्यू माझ्यापेक्षा सरस होता. मी हसले, पण घरी जाऊन आरशासमोर सराव केला.

पुढे डेल्टा, सेल्टाच्या वरची पदविका. तो आत्ता तुझ्यासाठी नाही, तरी विचारलास म्हणून. माझ्या वेळी त्याचे तीन भाग होते, कुठल्याही क्रमाने करा. पहिल्यात लेखी परीक्षा, ती २०१३च्या डिसेंबरात दिली. तिसऱ्यात चार-साडेचार हजार शब्दांचा प्रकल्प, तो पुढच्या वर्षी केला. दुसरा भाग म्हणजे पाठ. बघितले जाणारे, तपासले जाणारे पाठ. तो माझा राहिला. सासूबाईंचं ऑपरेशन, कॉलेजचं वेळापत्रक, जवळ केंद्र नाही. ही सगळी कारणं खरी होती, एकही खोटं नाही.

पण खरं विचारशील तर सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोणी मधोमध रेघ मारलेला कागद घेऊन मागे बसावं, हे मला नको होतं. दोन भाग झालेले, एक नाही, त्यामुळे पदविका नाही. म्हणजे मागे कोणी बसणार नव्हतं ते दोन भाग मी केले. हस तू. मी हसत नाही.

त्यामुळे कोर्सची यादी मला पुन्हा पाठवू नकोस. सेल्टाला पैसे जमायला तुला आठ-दहा महिने लागतील, तुझा पगार मला माहीत आहे. तोवर शेजारच्या वर्गातल्या त्या मल्याळी बाईंना, ज्या तुला डब्यातला पुट्टू देतात, त्यांना एक कोरा कागद दे. मधोमध रेघ मार. रविवारी चौथीच्या पहिल्या तासाला त्यांना मागे बसव, चाळीस मिनिटं, चहाला न उठता. मग त्यांच्या तासाला तू बस. फी शून्य. कागदाचा फोटो काढून पाठव, दोन्ही रकाने दिसतील असा. स्वच्छ लिहून काढू नकोस, आहे तसा पाठव.

तुझी,
मावशी

ता. क. आण्णांबद्दल लिहिलंय ते आईला वाचून दाखवू नकोस.